गेस्टने रीड-ओन्ली रजिस्टरवर लिहिलं तर करायचं काय? नवीन मंडळींसाठी, पायरीपायरीने

दिवाळीच्या सुट्टीत सिन्नरहून भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला त्याने छोटा हायपरवायझर लिहायला घेतलाय, म्हणजे एका खऱ्या मशीनवर (होस्ट) आभासी मशीन (गेस्ट) चालवणारा प्रोग्रॅम. आमच्या इंदिरानगरच्या गॅलरीत लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, "मामा, ज्या रजिस्टरवर गेस्टला लिहायची परवानगीच नाही त्यावर त्याने लिहिलं तर मी काय करू? आत्ता मी नुसतं रिटर्न झिरो करतोय, सगळं नीट चालतंय." (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली माहिती ठेवायची छोटी जागा, आणि रिटर्न झिरो म्हणजे "झालं, सगळं ठीक" असं उत्तर.) मी म्हटलं, अरे चालतंय असं तुला वाटतंय, आणि त्याच्याहून वाईट म्हणजे गेस्टलाही तसंच वाटतंय.

मग त्याला त्याच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, सातबाऱ्याची गोष्ट सांगितली. दिंडोरीकडच्या आमच्या तुकड्याच्या उताऱ्यावर वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली होती. वडिलांनी काय केलं, झेरॉक्सवर पेनाने छान दुरुस्त केली आणि कागद फाइलीत ठेवून दिला, दोन वर्षं निवांत. मग सोसायटीत कर्जाला गेले तर तिथल्या माणसाने कंप्युटरवर नवीन उतारा काढला, त्यात वेलांटी जिथल्या तिथे. वडील म्हणतात मी तर दुरुस्त केलंय. केलंय, पण कुठे? उतारा हा वाचायचा कागद आहे, त्यावर लिहून दप्तर बदलत नाही, दप्तर बदलायचं तर तलाठ्याकडे जाऊन फेरफार घालावा लागतो आणि तो मंडळ अधिकारी मंजूर करतो. (पदाचं सरकारी नाव आता बदललंय, गावात अजून तलाठीच म्हणतात.) झेरॉक्स काढून देणाऱ्याने त्याच वेळी "काका, ह्यावर लिहून काही होत नाही" एवढं जरी सांगितलं असतं तरी दोन वर्षं वाचली असती. भाच्याचं रिटर्न झिरो म्हणजे तो गप्प बसलेला झेरॉक्सवाला.

तर हे सगळं पहिल्यापासून लिहितोय. उदाहरणं बहुतेक लिनक्सच्या केव्हीएम ह्या हायपरवायझरमधली आहेत कारण तो कोड उघडा आहे आणि मला त्यातच वावर आहे, मधे मधे आर्म आणि रिस्क-फाइव्ह ह्या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरांचं येईल. कमांड आणि नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.

पायरी पहिली: आधी डोळ्यांनी बघा

वाचून समजत नाही हे, एकदा करून बघा. इंटेल मशीनवर केव्हीएमखाली साधा लिनक्स गेस्ट चालू करा, गेस्टमधे एमएसआर-टूल्स नावाचं पॅकेज टाका (एमएसआर म्हणजे मॉडेल-स्पेसिफिक रजिस्टर, इंटेल-एएमडी प्रोसेसरमधली खास रजिस्टरं), मॉडप्रोब एमएसआर करा, आणि रूट होऊन आरडीएमएसआर कमांडने हेक्स एफई नंबरचं रजिस्टर वाचा. ह्याचं नाव एमटीआरआर-कॅप. मेमरीच्या कुठल्या भागाला कसं कॅश करायचं हे ठरवणारी एमटीआरआर रजिस्टरं किती आहेत आणि त्यांना काय काय जमतं एवढंच ते सांगतं. केव्हीएमच्या गेस्टमधे उत्तर येईल ५०८, हेही हेक्स. खालचा ८ म्हणजे आठ व्हेरिएबल रेंज, वरच्या ५ मधे दोन बिट लागलेत, एक फिक्स्ड रेंज आहेत म्हणून आणि एक राइट-कंबाइनिंग चालतं म्हणून. हे प्रोसेसरचं वर्णन आहे, सेटिंग नाही, म्हणून इंटेलच्या मॅन्युअलमधे ते रीड-ओन्ली.

आता त्याच रजिस्टरवर डब्ल्यूआरएमएसआर कमांडने हेक्स ५०० लिहायचा प्रयत्न करा. टूल सांगेल की सीपीयू ० हे एमएसआर सेट करू शकत नाही. आधी होस्टवर केव्हीएमचा इग्नोर-एमएसआर्स नावाचा पॅरामीटर बंद आहे ना ते बघून घ्या, डिफॉल्टला बंदच असतो, पण एखाद्या व्हिडिओतून उचलून तुम्ही कधी चालू केला असेल तर प्रयोग फसतो, त्याच्याबद्दल खाली बोलतो. आणि गेस्टमधे सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नलचा लॉकडाउन हे लिहिणं प्रोसेसरपर्यंत पोचूच देत नाही, तो नकार वेगळा, तो गेस्टच्याच कर्नलचा, त्यात हायपरवायझरचा काही संबंध नाही. नवीन पोरं इथे हटकून गोंधळतात.

प्रयोग करतानाच होस्टवर ट्रेसिंगच्या फोल्डरमधे केव्हीएमचा केव्हीएम-एमएसआर हा इव्हेंट चालू करून ठेवा. मग गेस्टमधे एंटर मारलं की होस्टवर एक ओळ पडते: एमएसआर राइट, एफई, बरोबर ५००, आणि ओळीच्या शेवटी कंसात हॅश-जीपी. त्या कंसातच आजचा सगळा विषय आहे. जीपी म्हणजे जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, प्रोसेसरने केलेली मनाई, तिचा नंबर म्हणजे व्हेक्टर १३. गेस्टने लिहायला हात उचलला, हायपरवायझरने तो धरला, आणि खऱ्या प्रोसेसरने जी चापट मारली असती तीच मारली. आता परत आरडीएमएसआर करा, ५०८ च येणार.

पायरी दुसरी: लिहिणं तुमच्यापर्यंत येतं कसं

ट्रॅप अँड एम्युलेट ही कल्पना जुनी आहे, पोपेक आणि गोल्डबर्ग ह्यांचा पेपर १९७४ चा. गेस्टला थेट प्रोसेसरवर पळू द्यायचं, फक्त नाजूक इन्स्ट्रक्शन आली की कंट्रोल हायपरवायझरकडे, ह्या बाहेर येण्याला एक्झिट म्हणतात. एक्स-८६ मधे, म्हणजे इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांत, एमएसआर लिहायची इन्स्ट्रक्शन डब्ल्यूआरएमएसआर, दोन बाइटची, हेक्समधे ०एफ ३०. रजिस्टरचा नंबर ईसीएक्समधे असतो, किंमत ६४ बिटांची, वरचे ३२ ईडीएक्समधे आणि खालचे ३२ ईएएक्समधे. ही दोन बाइटची गोष्ट लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत हिच्यामुळेच माणसं रात्री जागतात.

इंटेलमधे कुठल्या एमएसआरवर बाहेर यायचं हे एमएसआर बिटमॅप ठरवतो, ४ केबीचं एक पान, त्याचे १ केबीचे चार तुकडे: खालच्या रेंजचं वाचणं, वरच्या रेंजचं वाचणं, खालच्याचं लिहिणं, वरच्याचं लिहिणं. खालची रेंज हेक्स ० ते १एफएफएफ, वरची सी००००००० ते सी०००१एफएफएफ. प्रत्येक रेंजमधे ८१९२ नंबर, एका नंबरला एक बिट, म्हणून बरोबर १ केबी. ह्या दोन रेंजच्या बाहेरचा नंबर आला की बिटमॅप न बघता सरळ एक्झिट. वाचलं तर एक्झिट रीझन ३१, लिहिलं तर ३२. एएमडीत हाच नकाशा ८ केबीचा, एका रजिस्टरला दोन बिट, आणि एक्झिट कोड एकच, हेक्स ७सी, वाचलं की लिहिलं ते एक्झिट-इन्फो-१ मधे ० किंवा १ असं कळतं.

वाचायचा बिट आणि लिहायचा बिट वेगळे आहेत ह्याचा फायदा घ्या. एखादं रजिस्टर वारंवार वाचलं जात असेल तर त्याचं वाचणं थेट सोडता येतं, लिहिणं मात्र अडवून ठेवायचं. आणि "प्रोसेसरमधे ते रीड-ओन्लीच आहे, हार्डवेअरच फॉल्ट देईल, मी कशाला अडवू" हा विचार नको, कारण तुम्ही गेस्टला रीड-ओन्ली म्हणून दाखवलेलं एखादं रजिस्टर खालच्या खऱ्या प्रोसेसरवर लिहिता येण्यासारखं असू शकतं, मग गेस्टने लिहिलेलं सरळ तुमच्या होस्टला लागतं. सुरुवातीला लिहायचे सगळे बिट १, आणि एकेक सोडताना कारण कोडमधे लिहून ठेवायचं.

अजून एक, गेस्टमधल्या साध्या युजर प्रोग्रॅमने, म्हणजे रिंग ३ मधून, डब्ल्यूआरएमएसआर मारली तर तुमच्याकडे एक्झिट येतच नाही, प्रिव्हिलेजचा फॉल्ट आधी लागतो आणि तो गेस्टच्या कर्नलकडेच जातो. वरच्या प्रयोगात टूल चाललं कारण ते गेस्टच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरकडून लिहून घेतं.

आर्ममधे चित्र जरा वेगळं. तिथे एमएसआर हे इन्स्ट्रक्शनचंच नाव आहे, सिस्टिम रजिस्टरवर लिहायची, आणि वाचायची एमआरएस. ट्रॅप झाला तर ईएसआर रजिस्टरमधे एक्सेप्शन क्लास हेक्स १८ दिसतो आणि सगळ्यात खालचा बिट दिशा सांगतो, ० म्हणजे लिहिलं, १ म्हणजे वाचलं. हो, उलटं वाटतं, माझ्याकडूनही एकदा उलटं लिहिलं गेलंय. पण बऱ्याचशा रीड-ओन्ली रजिस्टरांना, उदाहरणार्थ प्रोसेसरची ओळख सांगणारं एमआयडीआर, तिथे लिहायची इन्स्ट्रक्शनच अस्तित्वात नाही, ती अनडिफाइन्ड. मग प्रोसेसर स्वतःच गेस्टला अनडिफाइन्ड एक्सेप्शन देऊन मोकळा होतो आणि हायपरवायझरला पत्ताच नसतो. तरीही केव्हीएमच्या आर्म कोडमधे राइट-टू-रीड-ओन्ली नावाचं छोटं फंक्शन आहे, ते एकदाच वॉर्निंग छापतं, कुठली इन्स्ट्रक्शन होती ते छापतं, गेस्टमधे अनडिफाइन्ड घालतं आणि फॉल्स परत देतं. फॉल्स का, ते पाचव्या पायरीत.

रिस्क-फाइव्हवाल्यांनी मला सगळ्यात आवडेल असं केलंय. सीएसआरचा, म्हणजे तिथल्या कंट्रोल रजिस्टरचा, नंबर १२ बिटांचा, आणि वरचे दोन बिट दोन्ही १ असले की ते रजिस्टर रीड-ओन्ली. नंबरातच लिहिलंय! सायकल सी००, टाइम सी०१, हार्ट-आयडी एफ१४. लिहायचा प्रयत्न केला की इलिगल इन्स्ट्रक्शन. पण त्यातही एक खोच आहे, सीएसआरआरएस इन्स्ट्रक्शन एकाच वेळी वाचते आणि बिट सेट करते, आणि तिचा सोर्स एक्स-शून्य हे रजिस्टर असेल तर ते लिहिणं धरतच नाहीत, नुसतं वाचणं. सोर्स दुसरं कुठलं रजिस्टर असेल आणि त्याच्यात योगायोगाने शून्य असेल तर मात्र ते लिहिणंच, फॉल्ट द्यायचाच. म्हणजे तुमच्या डिकोडरने किंमत शून्य आहे का हे बघायचं नाही, इन्स्ट्रक्शनमधला रजिस्टर नंबर शून्य आहे का हे बघायचं.

पायरी तिसरी: लिहितंय कोण?

हँडलरमधे, म्हणजे असं लिहिणं आलं की चालणाऱ्या तुमच्या फंक्शनमधे, पहिला प्रश्न हाच. शेतकरी लिहितोय का तलाठी? गेस्टसाठी जे रीड-ओन्ली आहे ते होस्टवर ते मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, म्हणजे क्यूएमूसारख्यासाठी, रीड-ओन्ली असून चालत नाही, कारण त्या रजिस्टरमधे सुरुवातीची किंमत कोणीतरी भरायला हवी ना. आणि मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवताना सगळी किंमत इकडे वाचून तिकडे परत लिहावी लागते. केव्हीएमच्या एक्स-८६ कोडमधे म्हणूनच लिहिण्याच्या निरोपाबरोबर तीन गोष्टी येतात, नंबर, किंमत आणि होस्ट-इनिशिएटेड नावाचा हो-नाही झेंडा. आर्किटेक्चर कॅपॅबिलिटीज हे हेक्स १०ए चं रजिस्टर बघा, प्रोसेसरला कुठल्या साइड-चॅनल हल्ल्यांचा त्रास नाही वगैरे ते सांगतं. केव्हीएम तिथे लिहिताना आधी हेच विचारतं, होस्टने पाठवलंय का, नसेल तर नकार परत, म्हणजे फॉल्ट. होस्टने असेल तर ठेवून घेतं.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका रजिस्टरचा हँडलर लिहिला, एकदम कडक, कोणीही लिहिलं तरी नाही म्हणायचं. गेस्ट मस्त बूट झाला, टेस्ट पास, मी खूश, मिसळ खाऊन आलो. दुसऱ्या दिवशी सेव्ह केलेलं मशीन परत उठवायला गेलो तर क्यूएमू "अमुक एमएसआर सेट करता आलं नाही" म्हणून आडवा. मी डिस्क इमेज तपासली, मेमरी तपासली, होस्टचा कर्नल बदलून बघितला, दीड दिवस गेला. गंमत अशी की ते सेट-एमएसआर्स नावाचं आयऑक्टल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला केलेली मागणी, एकदम शंभरेक रजिस्टरांची यादी घेतं आणि पहिल्या नकारावर थांबून किती झाली तो आकडा परत देतं. माझं रजिस्टर यादीत सदतिसावं होतं, उत्तर आलं ३६. तो ३६ आकडा माझ्यासमोर पहिल्यापासून होता आणि मी त्याच्याकडे बघितलंच नाही. त्यामुळे नकार आला की आधी तो आकडा बघा, पुढचा नंबर गुन्हेगार.

होस्टलाही मोकळं रान द्यायचं नाही हे पण आलं. मशीन एकदा चालू झाल्यावर त्याच्या ओळखीची रजिस्टरं होस्टने बदलली तर गेस्टच्या पायाखालची जमीन सरकते, बूट होताना त्याने एक वाचलेलं असतं आणि आता भलतंच. आर्मच्या केव्हीएममधे आयडी रजिस्टरांना म्हणून नियम असा की मशीन एकदा धावलं की वेगळी किंमत लिहायला गेलात तर बिझी असा एरर, पण आधीचीच किंमत परत लिहिली तर चालतं. ही शेवटची सूट छोटी वाटते, पण सगळी रजिस्टरं वाचून डोळे झाकून परत लिहिणारे प्रोग्रॅम तिच्यावरच जगतात. तुमच्या हायपरवायझरमधेही ठेवा.

पायरी चौथी: खरं हार्डवेअर काय करतं ते शोधा

गेस्टने लिहिलंय हे ठरलं. आता उत्तर तुमच्या मनावर नाही, मॅन्युअलवर आहे. आणि मॅन्युअलमधे "रीड-ओन्ली" ह्या एकाच शब्दाखाली चार तऱ्हा निघतात, म्हणून ही पायरी घाईत करू नका.

सरळ तऱ्हा म्हणजे लिहिलं की फॉल्ट, वरचं एमटीआरआर-कॅप तसं.

दुसरी तऱ्हा, लिहिलं तरी काही होत नाही, चुपचाप सोडून देतात. एपिक हे इंटरप्ट सांभाळणारं युनिट घ्या, त्यात व्हर्जन सांगणारं रजिस्टर आहे. जुन्या पद्धतीने, मेमरीच्या पत्त्यावरून लिहिलं तर ते लिहिणं वाऱ्यावर जातं. त्याच एपिकला एक्स-टू-एपिक पद्धतीने, एमएसआर हेक्स ८०३ म्हणून लिहिलं तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. रजिस्टर तेच, दार वेगळं, उत्तर वेगळं! भाच्याने दोन्ही दारांना एकच फंक्शन लावलं होतं, मी म्हटलं तू कोड वाचवलास पण प्रोसेसर नवीन बनवलास.

तिसरी तऱ्हा नाव एक आणि वागणं दुसरं. मायक्रोकोडचं रिव्हिजन सांगणारं हेक्स ८बी. रिव्हिजन नंबर म्हणजे वाचायचीच गोष्ट, कोणीही म्हणेल लिहिलं की फॉल्ट द्या. पण इंटेलची वाचायची रीतच अशी आहे की आधी तिथे शून्य लिहा, मग सीपीयूआयडी ही इन्स्ट्रक्शन मारा, मग वाचा, आणि लिनक्स बरोबर तसंच करतं. इथे फॉल्ट दिलात तर नियमाने वागणाऱ्या गेस्टला तुम्ही शिक्षा केली. केव्हीएम इथे गेस्टचं लिहिणं हसून सोडून देतं, होस्टने लिहिलं तरच नंबर बदलतं. म्हणजे गप्प बसणं नेहमी चूक असं नाही, हार्डवेअर गप्प बसत असेल तर तुम्हीही गप्प बसा.

चौथी तऱ्हा अटीची. मशीन-चेकची स्टेटस रजिस्टरं इंटेलवर शून्य लिहून साफ करता येतात, शून्य सोडून काहीही लिहिलं तर फॉल्ट. फीचर-कंट्रोल, हेक्स ३ए, त्याचा सगळ्यात खालचा बिट म्हणजे कुलूप, बायोसने तो लावेपर्यंत लिहिता येतं आणि लावला की रिसेट होईपर्यंत फॉल्ट. आर्ममधे जोडी आहे, ओएसएलएआर फक्त लिहायचं आणि ओएसएलएसआर फक्त वाचायचं, नावात एका अक्षराचा फरक, मी अजूनही दोनदा वाचतो. काही रजिस्टरांत सगळं रजिस्टर नाही पण त्यातले थोडेच बिट रीड-ओन्ली असतात, तिथे मॅन्युअलमधे त्या बिटांपुढे काय लिहिलंय ते बिटागणिक बघायचं, राखीव बिटांवर १ लिहिलं तर फॉल्ट का दुर्लक्ष हे प्रत्येक रजिस्टरचं वेगळं. रिस्क-फाइव्हमधे काही फील्ड अशी की काहीही लिहा, वाचताना कायदेशीर किंमतच मिळेल, तिथे फॉल्ट द्यायचाच नाही.

मी काय करतो, हँडलरच्या वर कॉमेंटमधे मॅन्युअलमधलं वाक्य माझ्या शब्दात लिहितो आणि मगच कोड लिहितो. कॉमेंट लिहिता येत नसेल तर मला अजून कळलेलं नाही.

पायरी पाचवी: फॉल्ट देताना पॉइंटर हलवू नका

इथे भाच्याचा दुसरा बग सापडला. रिटर्न झिरो काढून त्याने गेस्टमधे जीपी घातला (इंजेक्ट केला), व्हेक्टर १३, एरर कोड ०, सगळं बरोबर. तरी गेस्ट लिनक्स विचित्र मरत होता. झालं काय होतं, नेहमीच्या एक्झिटनंतर इन्स्ट्रक्शन पॉइंटर, म्हणजे गेस्ट कुठल्या इन्स्ट्रक्शनवर आहे ते सांगणारा पत्ता, पुढे ढकलायचा असतो, डब्ल्यूआरएमएसआरला २ बाइट, नाहीतर गेस्ट परत तीच इन्स्ट्रक्शन मारून परत बाहेर येईल, कायमची फुगडी. हे ढकलणं त्याने फंक्शनच्या शेवटी सगळ्यांना मिळून ठेवलं होतं. पण फॉल्टमधे पॉइंटर त्या चुकलेल्या इन्स्ट्रक्शनवरच असायला हवा, पुढच्या नाही.

लिनक्स कर्नल जिथे जिथे एमएसआर लिहितो त्या त्या पत्त्याची नोंद एका टेबलात ठेवतो, ह्या पत्त्यावर फॉल्ट आला तर घाबरू नको, अमुक ठिकाणी उडी मार. पॉइंटर दोन बाइट पुढे गेला की टेबलात तो पत्ता सापडत नाही, आणि जो फॉल्ट कर्नलने सहज पचवला असता, फार तर "अनचेक्ड एमएसआर ॲक्सेस एरर" अशी ओळ छापून पुढे गेला असता, तोच फॉल्ट सगळा गेस्ट पाडतो. दोन बाइटसाठी. आम्ही दोघांनी गेस्टचा ऊप्स मेसेज (कर्नल कोसळताना छापतो तो) आणि कर्नलचं डिसअसेंब्ली शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा दिसलं, मेसेजमधला पत्ता डब्ल्यूआरएमएसआरच्या बरोबर खालच्या ओळीवर.

आर्मच्या त्या फंक्शनने फॉल्स परत देण्याचं कारण हेच. तिथे हँडलरने ट्रू दिलं तरच पॉइंटर पुढे सरकतो, फॉल्स म्हणजे "मी एक्सेप्शन घातलंय, तू काही हलवू नको." तुमच्याकडेही असंच करा, हँडलरच्या उत्तरातच ते असू द्या: झालं, पुढे जा, किंवा फॉल्ट घातला, हात लावू नको, किंवा मला कळत नाही, वर युजरस्पेसला, म्हणजे क्यूएमूसारख्या प्रोग्रॅमला, विचार. एवढी तीन उत्तरं पुरतात. आणि फॉल्ट देताना रजिस्टरची साठवलेली किंमत, गेस्टची बाकीची रजिस्टरं, काहीही बदललेलं नको. आधी तपासा, मग लिहा. अर्धं लिहून मग नाही म्हणणारा कोड मी बघितलाय.

पायरी सहावी: इग्नोर-एमएसआर्सचा मोह

काही गेस्ट अनोळखी एमएसआरवर जीपी मिळाला की निळी स्क्रीन दाखवून बसतात, म्हणून लोक केव्हीएमचा इग्नोर-एमएसआर्स चालू करतात आणि सल्ला म्हणून पुढे वाटत सुटतात. चालू केलं की केव्हीएमला माहीत नसलेलं रजिस्टर वाचलं तर शून्य मिळतं आणि लिहिलं तर ते गिळलं जातं, होस्टच्या लॉगमधे तेवढी एक ओळ पडते. (एमटीआरआर-कॅपचं लिहिणंही केव्हीएमच्या लेखी अनोळखीच, म्हणून पहिल्या पायरीतला प्रयोग फसतो.) ओळखीच्या रजिस्टरवर चुकीची किंमत लिहिली तर मात्र त्याने फरक पडत नाही, फॉल्ट मिळतोच. घरच्या मशीनवर हौस म्हणून ठीक आहे, पण स्वतःचा हायपरवायझर लिहिताना ह्याला आधार मानू नका, ही सरळ सरळ झेरॉक्सवरची दुरुस्ती आहे. गेस्टला वाटतं फीचर चालू झालं, आणि तो त्याच्या भरवशावर पुढचं काम करतो.

त्याऐवजी अनोळखी रजिस्टरं वर युजरस्पेसकडे पाठवा. केव्हीएममधे ही सोय लिनक्स ५.१० पासून आहे, फिल्टर लावून ठराविक एमएसआरचं वाचणं-लिहिणं क्यूएमूसारख्या प्रोग्रॅमला देता येतं आणि त्यानेच ठरवायचं, किंमत घ्यायची का फॉल्ट द्यायचा.

पायरी सातवी: लॉग जपून

गेस्ट म्हणजे परका माणूस. तो लूप लावून सेकंदाला लाखदा त्याच रजिस्टरवर लिहू शकतो. प्रत्येक वेळी तुम्ही होस्टच्या लॉगमधे ओळ छापली तर डिस्क भरते आणि खरी चूक त्यात बुडते, म्हणून रेट-लिमिट असलेलंच छापायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वॉर्न आणि बग ह्या कर्नल मॅक्रोंपासून लांब राहा. बरेच लोक होस्टवर पॅनिक-ऑन-वॉर्न लावतात, म्हणजे एक वॉर्निंग आली की होस्ट खाली. गेस्टला मुद्दाम पोचता येईल अशा रस्त्यावर वॉर्न ठेवलंत तर भाडेकरूच्या हातात तुम्ही अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच दिलात. आर्मच्या फंक्शनमधे ते आहे कारण हार्डवेअरने तो रस्ता आधीच बंद केलेला असणं अपेक्षित आहे. तुमचा रस्ता तसा बंद आहे ह्याची खात्री नसेल तर साधी ओळ छापा.

हायपरवायझरच्या आत हायपरवायझर असेल तर एकच गोष्ट आधी बघा, आतल्या हायपरवायझरने स्वतःच्या बिटमॅपमधे तो बिट लावलाय का. लावला असेल तर ते एक्झिट त्याचं, त्याला द्या, फॉल्ट घालायचा का नाही ते तो बघेल.

पायरी आठवी: टेस्ट

केव्हीएम-युनिट-टेस्ट्स नावाचा प्रकल्प उतरवा, त्यात एमएसआरची टेस्ट आहे, तिचा साचा उचला. अख्खा लिनक्स बूट करून टेस्ट करू नका, तो बऱ्याच चुका पोटात घालतो, त्या छोट्या गेस्टमधे फॉल्ट आला का, कुठला आला, हे सरळ हातात मिळतं. बघायचं एवढं: गेस्टने लिहिलं तर व्हेक्टर १३ च आला, एरर कोड ०, फॉल्टच्या वेळचा पॉइंटर बरोबर त्या ०एफ ३० वर, आणि परत वाचलं तर जुनीच किंमत. मग आहे तीच किंमत गेस्टकडून लिहून बघा, एमटीआरआर-कॅपसारख्यावर तीही फॉल्टच व्हायला हवी, होस्टची ती सूट गेस्टला नाही. मग होस्टकडून लिहा, सेव्ह करा, नवीन मशीन उठवा, परत भरा, आणि सेट-एमएसआर्सने दिलेला आकडा यादीच्या लांबीएवढा आहे का बघा. ज्या रजिस्टरांवर हार्डवेअर गप्प बसतं, जसं ८बी, तिथे उलट टेस्ट, फॉल्ट आला नाही पाहिजे.

भाच्याने हे सगळं लावून रात्री साडेअकराला चालवलं. सगळे पास, एक फेल: मेमरीच्या दाराने एपिक व्हर्जनवर लिहिलं तर फॉल्ट येत होता. चौथी पायरी त्याने अर्धीच वाचली होती. सकाळी सिन्नरची बस पकडायच्या आधी दोन वेगळी फंक्शनं करून गेला.